शॅक, व्हिला की रिसॉर्ट? ग्रीन सर्टिफिकेटसाठी तुमचं हॉटेल नेमकं कुठल्या प्रकारात बसतं

यावेळी प्रश्न बरेच आलेत आणि बहुतेक सगळे एकाच जागी अडकलेत, की ग्रीन सर्टिफिकेटसाठी, म्हणजे बिल्डिंग ऊर्जा आणि पाणी वाचवते याच्या दाखल्यासाठी, आमची बिल्डिंग नेमकी कुठल्या प्रकारात धरायची. हा प्रश्न बरेच जण रजिस्ट्रेशनचा फॉर्म भरायच्या दिवशी पाच मिनिटांत उरकतात, पण तो खरं तर पहिला प्लान काढायच्या आधीचा आहे, कारण प्रकार ठरला की तुमची तुलना कशाशी होणार तेच ठरतं, भिंत किती उष्णता अडवणार, खोलीत उजेड किती पाहिजे, पाणी किती माणसांच्या हिशोबाने मोजायचं, सगळंच. लिहिणाऱ्यांची नावं काढलीत, गाव तेवढं ठेवलंय.

कळंगुट : आमचं २८ खोल्यांचं हॉटेल, पर्यटन खात्याकडे बी कॅटेगरीत नोंद आहे, स्टार काही घेतलेला नाही. आता शेजारीच नवीन विंग बांधतोय, तिला ग्रीन सर्टिफिकेट घ्यायचंय. बी कॅटेगरी लिहायची की थ्री स्टार लिहायचं? सुविधा तर थ्री स्टारच्याच आहेत.

दोन्ही लिहू नका. तुमच्यासमोर तीन-चार वेगवेगळ्या याद्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळवायला गेलात की गोंधळ होणारच. ए, बी, सी, डी ही नोंद गोव्याच्या १९८२ च्या पर्यटन व्यापार नोंदणी कायद्याखालची, ती धंद्याच्या लायसन्ससाठी. स्टार देते ती केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची कमिटी, एचआरएसीसी म्हणतात ती, तो ऐच्छिक असतो, पाच वर्षांपुरता असतो आणि तो मुख्यतः सोयी आणि सेवा बघतो. लीड या अमेरिकन ग्रीन सर्टिफिकेटला यातलं काहीच लागत नाही. हॉटेल, मोटेल, इन, थोड्या दिवसांसाठी झोपायची सोय, जेवण असो नसो, सगळं त्यांच्याकडे 'हॉस्पिटॅलिटी' या एकाच प्रकारात येतं, २८ खोल्या असोत की २८०.

स्टारचा प्रश्न खरा येतो तो ईसीबीसीत, म्हणजे ऊर्जा बचतीच्या इमारत कोडात. २०१७ च्या कोडात हॉस्पिटॅलिटीचे तीन भाग आहेत, नो-स्टार हॉटेल, स्टार हॉटेल आणि रिसॉर्ट, आणि लॉजिंग हाऊस, डॉर्मिटरी वगैरे सगळं नो-स्टारमध्ये. हा फरक कागदावरचा नाही. गोवा उष्ण-दमट पट्ट्यात येतो, तिथे स्टार हॉटेलच्या बाहेरच्या भिंतीचा यू-फॅक्टर ०.४० पर्यंतच चालतो आणि जमिनीवरचं क्षेत्रफळ (म्हणजे जमिनीच्या वरच्या सगळ्या मजल्यांचं मिळून) १०,००० चौ.मी. च्या आत असलेल्या नो-स्टार हॉटेलला ०.६३ पर्यंत चालतो. यू-फॅक्टर म्हणजे भिंतीतून उष्णता किती आत येते त्याचं माप, जितका कमी तितकं चांगलं. म्हणजे पुढे स्टार घ्यायचा विचार असेल तर आत्ताच ०.४० ची भिंत बांधा, नंतर इन्सुलेशन चिकटवत बसणं फार महाग पडतं. आणि हो, ईसीबीसी लागतो तो कनेक्टेड लोड (जोडलेल्या सगळ्या उपकरणांचा मिळून विजेचा भार) १०० किलोवॅट किंवा करारातली मागणी १२० केव्हीए किंवा त्याहून जास्त असेल तर. एसी, गीझर, किचन, लाँड्री, स्विमिंग पूलचे पंप असं सगळं धरलं तर मध्यम हॉटेलसुद्धा तिथे पोचतं, त्यामुळे आपण छोटे आहोत असं आधीच गृहीत धरू नका, इलेक्ट्रिकल कन्सल्टंटकडून लोडचा तक्ता मागवा.

जागतिक बँक गटातल्या आयएफसीच्या एज या सर्टिफिकेटमध्ये मात्र किती स्टारचं हॉटेल ते सरळ विचारतात कारण त्यांची तुलनेची बिल्डिंग, म्हणजे जिच्याशी ताडून तुमची बचत मोजतात ती कल्पित बिल्डिंग, त्यावरून बनते. तिथे स्टार वाढवून लिहिला तर तुलनेची बिल्डिंग जास्त खर्चिक होते आणि तुमची बचत फुगून दिसते. असं करू नका. सर्टिफिकेट मिळेल, बिल तेवढंच येईल.

मोरजी : खाली दुकानं, वर हॉटेलच्या खोल्या, मागच्या विंगमध्ये फ्लॅट विकणार आहोत. एकूण ३,००० चौ.मी., त्यात हॉटेल १,६५०, फ्लॅट ९००, दुकानं ४५०. हे हॉटेल धरायचं की मिक्स? कन्सल्टंट म्हणतो फक्त हॉटेलचा भाग रजिस्टर करू.

तुम्ही आकडे पाठवलेत म्हणून नीट उत्तर देता येतंय, बाकीच्यांनी पण असेच पाठवा.

लीडमध्ये बिल्डिंगचे तुकडे पाडून सोयीचा तेवढा तुकडा पुढे करता येत नाही, पूर्ण बिल्डिंग एकाच रेटिंग सिस्टीमखाली, म्हणजे एकाच प्रकारच्या नियमांच्या संचाखाली, जाते. मग कुठल्या? त्यासाठी ४०-६० चा नियम आहे. एखादी सिस्टीम क्षेत्रफळाच्या ६० टक्क्यांहून जास्त भागाला लागू होत असेल तर तीच घ्यायची, ४० टक्क्यांहून कमी भागाला लागू असेल तर ती घ्यायची नाही, आणि मधे असेल तर टीमने विचार करून ठरवायचं. तुमचं हॉटेल ५५ टक्के, फ्लॅट ३० आणि दुकानं १५. फ्लॅट आणि दुकानं बाद झाली, हॉटेल मधल्या पट्ट्यात, म्हणजे हॉस्पिटॅलिटी घेता येते, पण मग फ्लॅट आणि दुकानं पण त्याच हिशोबात आत येणार. पूर्वअटी, म्हणजे ज्या पाळल्याशिवाय सर्टिफिकेटच नाही त्या अटी, त्यांनाही लागणार. मागच्या विंगमधल्या फ्लॅटचे नळ आणि फ्लश साधे बसवले तर हॉटेलचं पाणी कितीही वाचवा, एकूण आकडा खाली यायचा नाही.

आता क्षेत्रफळ मोजताना आपल्याकडे हमखास घोळ होतो तो सांगतो. लीडच्या ग्रॉस फ्लोअर एरियात गाड्यांचं पार्किंग आणि गाड्या फिरायची जागा धरत नाहीत, आणि छप्पर असलेली पण भिंतींनी बंद नसलेली जागा पण धरत नाहीत. म्हणजे बाल्कांव (दारापुढची बसायची ओसरी), उघडा व्हरांडा, पूलच्या कडेचा मांडव, खोल्यांना जोडणारा झाकलेला रस्ता, हे सगळं बाहेर. गोव्यातल्या बांधकामात हे भाग भरपूर असतात, पंचायतीला किंवा टीसीपीला (नगर नियोजन खात्याला) दिलेलं एरिया स्टेटमेंट तसंच्या तसं इकडे चिकटवलं की टक्केवारी बदलते, आणि तुमच्यासारखी ५५ ची केस ६२ किंवा ५१ वर जाऊ शकते. म्हणून लीडसाठी वेगळं एरिया स्टेटमेंट काढा.

ईसीबीसीचा हिशोब पुन्हा वेगळा. तिथे मिक्स बिल्डिंगमधला वेगळ्या वापराचा भाग जमिनीवरच्या क्षेत्रफळाच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर तो मोठ्या भागात विरघळतो, जास्त असेल तर त्याचे नियम त्याला स्वतंत्र लागतात. तुमची दुकानं १५ टक्के आहेत, म्हणजे ती शॉपिंग म्हणून वेगळी बघावी लागतील. आणि फ्लॅट त्या कोडात येतच नाहीत, त्यांच्यासाठी इको निवास संहिता आहे.

कन्सल्टंटचं म्हणणं एकाच परिस्थितीत बरोबर ठरू शकतं, मागची विंग खरोखर वेगळी उभी बिल्डिंग असेल तर. कॉमन जिना, कॉमन लॉबी असेल तर नाही. साइटवर जाऊन बघा, ड्रॉइंगवर लाल रेघ मारून बिल्डिंग वेगळी होत नाही.

पाळोळे : दरवर्षी सीझनला बांबूच्या हट्स उभारतो आणि पावसाआधी काढतो. सगळं नैसर्गिक आहे, याला सर्टिफिकेट का नाही मिळत?

कारण लीडची पहिलीच अट अशी की बिल्डिंग कायमच्या जागेवर, जमिनीवर पाहिजे. जी वस्तू कधी ना कधी हलवायचीच आहे ती पात्र नाही, मग ती कितीही साधी आणि निसर्गाजवळची असो. शॅकला तेच लागू, आणि मांडवीतल्या कॅसिनो बोटींबद्दल पणजीहून कोणी विचारलंय त्यांनाही तेच उत्तर, बोट चालत नाही. तुमचं काम चांगलं नाही असा याचा अर्थ अजिबात नाही. हे सर्टिफिकेट बिल्डिंगचं आहे, तुमच्याकडे बिल्डिंग नाही, आणि त्या किनाऱ्यावर ती नसणंच बरं. सांडपाणी आणि कचरा नीट सांभाळा, तिथे खरी गरज आहे.

बाणावली : १४ दुमजली कॉटेज, प्रत्येकी ११० चौ.मी., एक क्लबहाऊस, एक ६० चौ.मी. चा स्पा. प्रत्येकाची वेगळी फाईल करायची का? आणि आम्ही 'बीच रिसॉर्ट' लिहिलं तर फायदा की तोटा?

वेगळ्या १६ फायली करायची गरज नाही. लीडमध्ये एकाच साइटवर, एकाच मालकाच्या ताब्यातल्या, सारख्या धाटणीच्या बिल्डिंगा असतील तर ग्रुप पद्धतीने सगळ्यांना मिळून एक सर्टिफिकेट घेता येतं. बिल्डिंगा वेगवेगळ्या असतील तर कॅम्पस पद्धत, तिथे साइटचे सामायिक मुद्दे, म्हणजे पावसाचं पाणी, झाडं, बाहेरचे दिवे असं एकदाच तपासून घेतात आणि मग प्रत्येक बिल्डिंगला तिचं तिचं सर्टिफिकेट. तुमच्या १४ कॉटेज ग्रुपमध्ये, क्लबहाऊस वेगळं, असं मला दिसतंय. स्पा एकटा पात्रच नाही, नवीन बांधकामासाठी किमान ९३ चौ.मी. लागतात, तो क्लबहाऊसला जोडून बांधला तर प्रश्न मिटतो.

ग्रिहा हे भारतीय ग्रीन रेटिंग बघत असाल तर तिथे क्षेत्रफळावरून दोन वाटा होतात, २,५०० चौ.मी. च्या वर नेहमीचं ग्रिहा आणि त्याच्या खाली स्वग्रिहा. तुमच्या कॉटेजच १,५४० होतात, क्लबहाऊस केवढं आहे ते तुम्ही लिहिलं नाही, त्याच्यावर ठरेल.

रिसॉर्ट शब्दाबद्दल. ईसीबीसीत रिसॉर्टला दिवसाच्या उजेडाची अट हॉटेलपेक्षा कडक आहे. हॉटेलला, स्टार असो नसो, जमिनीवरच्या ३० टक्के भागात वर्षातल्या उजेडाच्या ९० टक्के वेळ वापरण्याजोगा नैसर्गिक उजेड पाहिजे, रिसॉर्टला ४५ टक्के भागात. ते रास्त पण आहे, कारण रिसॉर्टला मोकळी जागा असते, चारी बाजूंनी खिडकी काढता येते. पण याचा अर्थ काच लावत सुटा असा नाही, कोडात वापरण्याजोगा उजेड १०० ते २,००० लक्सच्या मधलाच मोजतात, म्हणजे समुद्राकडे आख्खी भिंत काचेची केली आणि दुपारी २,००० च्या वर गेलं तर ती जागा मोजणीतून बाहेरच पडते, वर एसीचं बिल वेगळं. आपल्या जुन्या घरांत बघा, खोल ओसरी, उतरतं कौलारू छप्पर, राजांगणातून येणारा उजेड, शिंपल्यांच्या खिडक्यांमधून गाळून येणारं ऊन. आत बसून वाचता येतं आणि डोळे दिपत नाहीत. ही अट पूर्ण करायला बाहेरून काही आणायची गरज नाही असं मला मनापासून वाटतं.

किनाऱ्याच्या नियमांशी याची गल्लत मात्र करू नका. किनारी नियमन क्षेत्राच्या सीआरझेड-३ या पट्ट्यात भरतीरेषेपासून २०० ते ५०० मीटरमधल्या बीच रिसॉर्टला ९ मीटर उंची आणि दोन मजले एवढीच मुभा २०११ च्या अधिसूचनेने दिलेली, तिथली 'रिसॉर्ट'ची व्याख्या परवानगीसाठी आहे. ती परवानगी नसेल तर ग्रीन सर्टिफिकेटचा विचार पण करू नका.

पणजी, फोंताइन्हास : आजोबांचं जुनं घर आहे, नऊ खोल्यांचं हॉटेल करतोय. हे नवीन बांधकाम की जुनी बिल्डिंग?

हा प्रश्न वाचून आनंद झाला. आधी काम किती करताय ते बघा. रंग, थोडी वायरिंग, नवे नळ एवढंच असेल आणि घर वापरात राहणार असेल तर ती 'चालू बिल्डिंग', तिच्यासाठी लीडची ऑपरेशन अँड मेंटेनन्सची वेगळी सिस्टीम आहे, पण त्यात बिल्डिंग किमान एक वर्ष पूर्ण चालू असावी लागते, म्हणजे हॉटेल म्हणून एक पाऊस आणि एक सीझन दोन्ही बघितल्यावरच अर्ज. छप्पर उतरवताय, प्लंबिंग सगळं बदलताय, काम चालू असताना आत कोणी राहूच शकत नाही आणि नंतर नवं ऑक्युपन्सी सर्टिफिकेट लागणार, असं असेल तर ते मेजर रिनोव्हेशन, ते नवीन बांधकामाबरोबरच जातं. घराचं हॉटेल होतंय म्हणजे तुमचं बहुतेक दुसऱ्यात येईल.

तिथे एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. लीडच्या व्ही-फोर या आवृत्तीत ऐतिहासिक इमारत जपून पुन्हा वापरली तर तेवढ्यासाठीच ५ गुण मिळतात, अट अशी की ती स्थानिक, राज्य किंवा राष्ट्रीय वारसा यादीत असावी किंवा त्यासाठी पात्र असावी, किंवा तशा संरक्षित भागाचा भाग असावी. फोंताइन्हास कॉन्झर्वेशन झोन आहे, त्यामुळे कागद गोळा करायला आजच लागा. चिऱ्याच्या भिंती, लाकडी वासे, जुने नळे, जे टिकतंय ते टिकवा, उतरवलेला माल नंबर घालून ठेवा आणि फोटो काढा, नंतर पुरावा मागतात.

पर्यटन मंत्रालयाचं 'हेरिटेज हॉटेल' हे वर्गीकरण वेगळं, ते १९५० च्या आधी बांधलेल्या वास्तूंना मिळतं. ते जरूर घ्या पण ग्रीनच्या फॉर्ममध्ये 'हेरिटेज' असा बिल्डिंगचा प्रकार शोधू नका, तिथे तुम्ही हॉस्पिटॅलिटीच.

आसगाव : सहा व्हिला आहेत, प्रत्येकात किचन. वर्षभर ऑनलाइन बुकिंगवर देतो, काही मालक स्वतः महिनाभर येऊन राहतात. होम्स की हॉस्पिटॅलिटी?

रोजच्या वापरावरून ठरवा. किचन, बाथरूम, झोपायची जागा सगळं स्वतंत्र आहे म्हणजे रचना घराचीच आहे, पण वर्षातला बहुतेक काळ लोक तीन-चार रात्री राहून जात असतील, चादरी तुमचा स्टाफ बदलत असेल, लायसन्स पर्यटन खात्याचं असेल, तर ते हॉटेल आहे. आणि घर म्हणून दाखवलं की हिशोब कसा चुकतो बघा. घरात चार माणसं वर्षभर आणि एसी रात्री एका खोलीत. तुमच्या व्हिलात डिसेंबरात दहा माणसं, चारी एसी दिवसभर, पूलचा पंप, रोजची लाँड्री. गावातल्या विहिरीवर आणि टँकरवर या दुसऱ्या आकड्याचा भार पडतो. म्हणून माझं मत सरळ आहे, हॉस्पिटॅलिटी. एजमध्ये सर्व्हिस्ड अपार्टमेंट हा वेगळा प्रकार आहे, तो तुम्हाला जास्त नीट बसेल, तिथे ऊर्जा, पाणी आणि बांधकामाचं साहित्य या तिन्हीत किमान २० टक्के बचत दाखवावी लागते.

म्हापसा, तरुण आर्किटेक्ट : ४० खोल्यांचं हॉटेल, सोबत ५०० माणसांचा लग्नाचा हॉल. पाहुणे किती धरायचे? आणि एनर्जी मॉडेल (वीज वापराचा कॉम्प्युटरवरचा हिशोब) करणारा म्हणतो खोल्या 'रेसिडेन्शियल' म्हणून टाकल्यात, ते चूक ना?

चूक नाही, तो बरोबर सांगतोय. अॅश्रे ९०.१ या अमेरिकन ऊर्जा स्टँडर्डमध्ये हॉटेलच्या खोल्या रेसिडेन्शियलमध्येच येतात, कारण तिथे माणसं झोपतात. ते फक्त ऊर्जेच्या तुलनेसाठी, सर्टिफिकेट हॉस्पिटॅलिटीचंच राहतं. यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे, लॉबी, रेस्टॉरंट, हॉल मिळून एसी असलेला बिगर-निवासी भाग २०,००० चौ. फुटांहून जास्त झाला तरच त्याला तुलनेसाठी वेगळी एसी सिस्टीम धरतात, नाहीतर खोल्यांचीच सिस्टीम सगळीकडे. तुमचा हॉल मोठा आहे, हा आकडा मॉडेलवाल्याला पक्का करून द्या.

लीडमध्ये पाहुण्यांचं गणित असं, दर खोलीला १.५ माणूस आणि त्याचं ६० टक्के. ४० गुणिले १.५ म्हणजे ६०, त्याचे ६० टक्के म्हणजे ३६. किंवा तुमच्याकडे खऱ्या ऑक्युपन्सीच्या नोंदी असतील तर त्या वापरता येतात. मी म्हणेन गोव्यात नोंदी वापरा, ३६ हा आकडा वर्षाच्या सरासरीला ठीक पण आपल्याकडे नाताळ आणि जुलै यांच्यात केवढा फरक असतो ते तुम्हाला माहीत आहे, आणि पाण्याच्या टाक्या आणि एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) सरासरीवर डिझाइन केली की डिसेंबरात वास येतो. स्टाफ आठ तासांच्या हिशोबाने वेगळा मोजा. हॉलमधली लग्नाची माणसं 'व्हिजिटर' म्हणून, रोजच्या सरासरीने. खोल्यांमधले दिवे आणि तापमान यांच्या कंट्रोलच्या क्रेडिटमध्ये (गुण मिळवायच्या मुद्द्यात) गेस्टरूम मोजत नाहीत, त्या सोयी तिथे असतातच असं धरलेलं आहे, त्यामुळे त्या गुणांसाठी लक्ष द्यायचं ते ऑफिस, किचन आणि हॉलकडे. आपल्या हॉटेलांच्या किचनमध्ये मे महिन्यात काम करणाऱ्या माणसांना वारा मिळतो का हे कुठल्याही गुणांसाठी नाही तरी बघा.

धारगळ : मोपाजवळ बिल्डिंग बांधून हॉटेल चालवणाऱ्या कंपनीला भाड्याने देणार. आम्ही फक्त सांगाडा, लिफ्ट आणि मुख्य लाइनी करणार, खोल्या ते सजवणार. आमचा प्रकार कुठला?

बिल्डिंगचा ४० टक्क्यांहून जास्त भाग तुमच्या हातून अपुरा राहणार असेल तर लीडमध्ये हॉस्पिटॅलिटी नाही, कोअर अँड शेल. खोल्या सजवणारी कंपनी मग तिच्या आतल्या कामासाठी इंटिरियर्सखालची हॉस्पिटॅलिटी स्वतंत्र घेऊ शकते. आयजीबीसीच्या ग्रीन न्यू बिल्डिंग्जमध्ये जाणार असाल (ती सीआयआय या उद्योगसंघटनेची संस्था, लीड अमेरिकेची, दोन्ही वेगळी) तर तिथे ५१ टक्क्यांची रेघ आहे, ५१ टक्के किंवा जास्त भाग भाड्याने दिला की तुम्ही टेनंट-ऑक्युपाइड, स्वतः चालवलं तर ओनर-ऑक्युपाइड.

थोडासाच भाग, म्हणजे समजा एक मजला, अपुरा ठेवून बाकी सगळं तुम्ही पूर्ण करत असाल तर हॉस्पिटॅलिटीच चालेल, पण उरलेला भागही त्याच अटी पाळून पूर्ण करू असं मालकाच्या सहीचं पत्र द्यावं लागतं. ही सही करायच्या आधी भाडेकराराचा मसुदा वकिलाकडून परत आणा, आणि नळांचा फ्लो, दिव्यांचा लोड, एसीचा गॅस, किचनचा धूर काढायची सोय हे सगळं परिशिष्ट म्हणून त्यातच जोडा. करार झाल्यावर चालवणारी कंपनी यातलं काही ऐकेलच असं नाही, आणि पत्रावर सही तुमची असणार.